रात्र मोजणारं फूल : सुरतच्या गॅलरीत मॉर्निंग ग्लोरी लावताना

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत सकाळी सातच्या सुमारास गल्लीत दोन उलट दिशांची गर्दी असते. एका बाजूने रात्रपाळी संपवून येणारे, दुसऱ्या बाजूने डबा घेऊन दिवसपाळीला निघालेले. सात ते सात, बारा तासांची पाळी ही इथल्या पॉवरलूमची जुनी रीत. नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतून सुरतला आलेल्या कितीतरी घरांचं घड्याळ याच पाळीवर लावलेलं असतं. कुणाला दिवसाचं ऊन दिसत नाही, कुणाला रात्रीची झोप.

अशा घराच्या गॅलरीला एक वेल फार चांगली शोभते, ती म्हणजे मॉर्निंग ग्लोरी. तिचं फूल पहाटे अंधारातच उमलतं. सातला ते पूर्ण उघडलेलं असतं आणि ऊन तापलं की नऊ-दहापर्यंत मिटून गळून जातं. म्हणजे दिवसपाळीवाल्याला ते जाताना दिसतं आणि रात्रपाळीवाल्याला येताना. उशिरा उठणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र फक्त सुकलेल्या पाकळीचा बोळा येतो.

बी सहज मिळतं आणि रुजतंही लवकर. तरी ही वेल लावणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: वेल वरच्या मजल्यापर्यंत गेली, पानं हिरवीगार आहेत, फूल मात्र एकही नाही. मग खत बदललं जातं, पाणी वाढवलं जातं, शेवटी बियाणंच बोगस होतं असं ठरतं. शहरात अनेकदा खरं कारण गॅलरीसमोरच्या खांबावर लटकत असतं. ते म्हणजे रात्रभर जळणारा दिवा.

ओळखीचंच खानदान

नाव इंग्रजी असलं तरी हे कुळ आपल्याकडे कुणाला परकं नाही. उपवासाचं रताळं याच कुळातलं. पाण्याच्या कडेला होणारी नाळीची भाजीही याच वंशातली. कुंपणावर लाल चांदण्यांसारखी फुलं आणि शेपूसारखी बारीक पानं असलेली गणेशवेल बहुतेकांनी लहानपणी पाहिलेली असते, तीही यातलीच. नाल्याच्या काठी माजणारा, जनावरंही तोंड लावत नाहीत तो बेशरम हा यांचाच भाऊबंद. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर वाळूत पसरणारी, जांभळ्या फुलांची मर्यादवेल हीसुद्धा चुलत बहीण. समुद्राने इथवर यावं, पुढे नाही, अशी जणू रेघ आखते म्हणून मर्यादवेल.

सुरत–भुसावळ मार्गावर जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी आणखी एक ओळख सांगता येईल. या कुळातल्या एका वेलीचं नावच रेल्वे क्रीपर आहे. पंजासारखी पाच बोटांची पानं आणि फिकट जांभळी फुलं. रुळांच्या कडेची कुंपणं, तारा, पडके खांब तिला फार मानवतात, म्हणून हे नाव पडलं. मराठीत तिला गारवेल म्हणतात.

घरी लावायच्या मॉर्निंग ग्लोरीत मुख्यतः तीन जाती येतात. पहिली, तीन खणांच्या पानांची नीलपुष्पी; हिचं शास्त्रीय नाव आयपोमिया निल. दुसरी, हृदयाच्या आकाराच्या पानांची आणि जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांची आयपोमिया परप्युरिया. तिसरी मेक्सिकोकडची आयपोमिया ट्रायकलर. हिचा ‘हेवनली ब्लू’ हा आकाशी वाण जगभर लावला जातो. बाजारातल्या ‘मिक्स’ पाकिटात यांतलं काहीही निघू शकतं, आणि त्यात मजाही आहे.

पहिलीच्या नावातलं ‘निल’ म्हणजे आपली नीळच. हा शब्द अरबीतून तिकडे गेला. सतराव्या शतकात अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ सुरत बंदरातून युरोपात जायची आणि इंग्रज-डच वखारवाले तिच्यासाठी झटायचे. त्या नीळीचं झाड वेगळं, या वेलीचा तिच्याशी फक्त रंगापुरता संबंध. पण निळ्या रंगाचा पैसा ज्या गावाने मोजला, त्या गावात ही निळी वेल शोभून दिसते हे खरं.

काष्ठौषधींच्या दुकानात काळादाणा म्हणून जे मिळतं, ते याच नीलपुष्पीचं बी. संस्कृतात कृष्णबीज. त्याबद्दलची सावधगिरी पुढे येईलच.

दिवस नाही, रात्र मोजते

या वेलीचं सगळं गणित अंधारावर आहे. ऊन किती मिळालं यापेक्षा सलग काळोख किती तास मिळाला, यावरून ती कळी धरायची की नाही हे ठरवते. जपानमध्ये नीलपुष्पीचा ‘व्हायलेट’ नावाचा एक वाण आहे. त्यावर शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं प्रयोग केले आहेत. नुकतं उगवलेलं रोप फक्त एकदा सोळा तासांच्या सलग अंधारात ठेवलं तरी ते कळी धरण्याच्या मार्गाला लागतं. आणि त्याच लांब रात्रीच्या मधोमध काही मिनिटं लाल प्रकाश पाडला, तर सगळी मेहनत वाया जाते. झाडाच्या दृष्टीने ती एक लांब रात्र राहत नाही, दोन तोकड्या रात्री होतात.

पानातलं एक रंगद्रव्य हा हिशेब ठेवतं. दिव्याच्या प्रकाशातल्या लाल भागाने ते जागं होतं. एलईडीचा पांढरा उजेड आपल्याला पांढरा दिसतो, पण त्यात लाल भाग असतोच.

आता सुरतकडे पाहू. जूनच्या शेवटी इथली रात्र जेमतेम साडेदहा तासांची, तीही संधिप्रकाश धरून. डिसेंबरात ती तेरा तासांच्या वर जाते. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली वेल आधी नुसती वाढते आणि ऑगस्ट संपता संपता, रात्र मोठी होऊ लागली की फुलायला लागते. गणपती ते संक्रांत हा तिचा खरा हंगाम. पण गॅलरीसमोर रस्त्याचा दिवा असेल, समोरच्या युनिटचा फ्लडलाइट रात्रभर चालू असेल किंवा पॅसेजचा बल्ब कुणी बंदच करत नसेल, तर वेलीला रात्र झाल्याचं कळतच नाही. सगळ्या जाती सारख्याच हट्टी नसतात. परप्युरिया थोडा उजेड खपवून घेते, निल प्रकारातले काही वाण मात्र अजिबात नाही.

रात्रपाळीत झोप उडालेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

उपाय साधे आहेत. कुंडी दिव्याच्या बाजूला न ठेवता मागच्या गॅलरीत किंवा गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी. सकाळचं ऊन मात्र चार-पाच तास मिळालं पाहिजे. जागा बदलणं शक्य नसेल तर दिव्याच्या बाजूने गोणपाट किंवा जुनी जाड चादर संध्याकाळी सोडावी. रोप लहान असेल तर जपानी पद्धत वापरता येते: संध्याकाळी पाच-सहाला रोपावर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घालायचं आणि सकाळी आठला काढायचं. आठवडाभर असं केलं की हातभर उंचीच्या रोपालाही कळ्या येतात. साडीच्या पार्सलची खोकी सुरतमध्ये कमी नाहीत.

फूल उमलण्याची वेळही अंधारच ठरवतो. सूर्य उगवला म्हणून हे फूल उघडत नाही. अंधार पडल्यापासून साधारण दहा तासांनी ते उघडतं. सप्टेंबरच्या शेवटी सुरतमध्ये सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे पहाटे साडेचारला फूल उघडायला लागणार. कळी छत्रीसारखी पिळून मिटलेली असते. आदल्या संध्याकाळी ती टोकाशी रंगीत आणि लांबट झाली की समजावं, उद्या हिचा दिवस आहे. ज्याला उमलताना पाहायचं आहे त्याने त्याच कळीवर नजर ठेवावी. फक्त टॉर्च लावून बसू नये.

पेरणी

सुरतमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत बी लावावं. ऑगस्टमध्ये लावलं तरी चालतं; वेल कमी उंच होते, पण फुलं येतात. भाड्याच्या खोलीत जागा कमी असेल तर उलट हेच बरं.

बियांचं कवच फार टणक असतं. तसंच मातीत टाकलं तर काही बिया महिनाभर पडून राहतात. म्हणून बियेची पाठ, जिथे डोळा नाही ती गोलसर बाजू, पॉलिश पेपरवर दोन-तीनदा घासावी किंवा नेलकटरने कवचाचा कण उडवावा. आतला पांढरा भाग जरासा दिसला की पुरे. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवावं. सकाळी फुगलेल्या बिया पेराव्यात. न फुगलेल्या पुन्हा घासून भिजवाव्यात.

कुंडी दहा-बारा इंची हवी. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उत्तम, पण बुडाला पाच-सहा भोकं पाडायलाच हवीत. सुरतचा पाऊस वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पाणी साचलं की या वेलीचं मूळ कुजतं. गावाकडून आणलेली किंवा इथली काळी माती एकटी वापरू नये. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. दोन भाग माती, एक भाग जाड रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एवढं मिश्रण पुरतं.

बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल, एका डब्यात तीन-चार टाकावं. पाच-सात दिवसांत कोंब वर येतो. पहिली दोन पानं पाहून कुणालाही दसरा आठवेल, कारण ती आपट्याच्या पानासारखी मधोमध दुभंगलेली असतात. खरी पानं नंतर येतात. रोपं बोटभर झाली की दोन जोमदार ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटू नयेत, शेजारच्याचं मूळ दुखावतं. या वेलीला जागा बदललेली आवडत नाही, म्हणून जिथे वाढवायची तिथेच पेरलेलं चांगलं.

युरियाचा मोह टाळावा. कापसाला देतो तसं मूठभर टाकलं की पानं तळहाताएवढी होतात आणि फुलं गायब. दिव्यानंतर फूल न येण्याचं दुसरं मोठं कारण हेच. महिन्यातून एकदा ओंजळभर शेणखत पुरे.

झेड पीळ

आधाराशिवाय ही वेल चालत नाही. गंमत अशी की ती नेहमी एकाच बाजूने गुंडाळते. वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हाताने दुसऱ्या बाजूने गुंडाळून दिली तर शेंडा सुटतो आणि पुन्हा आपल्याच दिशेने वळसे घेतो. धाग्याच्या कामातल्या माणसाला हे एका शब्दात सांगता येतं: वेलीचा पीळ झेड आहे, एस नाही. सुरतच्या ट्विस्टिंग युनिटमध्ये काम केलेला कुणीही पाहताक्षणी ओळखेल. चार्ल्स डार्विनने वेलींच्या या वळशांवर १८६५ मध्ये एक सविस्तर निबंध लिहिला होता. पुढे परप्युरिया जातीच्या दहा पिढ्या वाढवून त्याने स्वपरागणाचा अभ्यासही केला.

कारखान्यातून आणलेला पॉलिएस्टरचा वेस्ट धागा फुकट मिळतो म्हणून बरेच जण तोच बांधतात. पण तो गुळगुळीत असतो, आणि वेल जड झाली की वाऱ्यात सगळीच्या सगळी खाली सरकते. वेलीच्या खोडावर बारीक केस असतात आणि खरखरीत आधार मिळाला तर ते त्याला धरून राहतात. म्हणून सुतळी किंवा सुती दोरी बरी. गॅलरीच्या ग्रिलला वरून खाली सात-आठ दोऱ्या ताणल्या की पुढचं काम वेल स्वतः करते. शेजाऱ्याच्या डिशच्या वायरीवर आणि विजेच्या केबलवर ती चढू देऊ नये, एवढं मात्र पाहावं. नाहीतर फुलाआधी भांडण येतं.

पानांवर गोल गोल भोकं दिसली तर पान उलटून पाहावं. बहुधा सोन्याच्या टिकलीसारखा चमकणारा, कासवाच्या पाठीचा छोटा भुंगा सापडतो. पोरं त्याला सोनकिडा म्हणतात. मेल्यावर त्याची झळाळी जाते, म्हणून डबीत कोंडण्यात अर्थ नाही. उचलून लांब सोडावा. मावा, पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळी आला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि त्यानंतर कडुनिंबाच्या तेलाचं पातळ द्रावण पुरतं. पावसाळा संपल्यावर कारखान्यांच्या भागात पानांवर धूळ बसते, ती आठवड्यातून एकदा धुवावी.

लिंबाचा थेंब

‘हेवनली ब्लू’ची कळी आदल्या दिवशी जांभळट-तांबूस दिसते आणि उमललेलं फूल स्वच्छ निळं. रंगद्रव्य तेच, बदलतो तो पाकळीच्या पेशींतला सामू. मातीच्या तपासणीच्या कागदावर शेतकऱ्याला जो सामू दिसतो, तोच हा. कळीत तो सुमारे ६.६ असतो. फूल उघडताना तो ७.७ पर्यंत चढतो आणि रंग निळा होतो. फूल कोमेजायला लागलं की निळा रंग पुन्हा जांभळ्याकडे झुकतो.

घरात शाळकरी पोर असेल तर ताज्या निळ्या पाकळीवर लिंबाचा एक थेंब टाकून दाखवावा. तिथे गुलाबी डाग उठतो. जपानमध्ये पहिलीत गेलेलं मूल शाळेत हीच वेल लावतं, पेरणीपासून बी जमवण्यापर्यंत. तिथे तिचं नाव ‘असागाओ’ म्हणजे सकाळचा चेहरा. चीनमधून ही वेल तिकडे गेली ती औषध म्हणून, बाराशे वर्षांपूर्वी. नंतर एदो काळात लोकांना फुलांचं असं वेड लागलं की चिरलेल्या पाकळ्यांचे, झालरीसारखे, ओळखूही न येणारे प्रकार तयार झाले. टोकियोच्या इरिया भागात दर जुलैच्या ६ ते ८ तारखांना या फुलाचा मोठा बाजार भरतो. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांत आपल्या भागातली पुष्कळ मुलं शिकतात. एका वर्गाला लागेल एवढं बी दोन वेलींतून सहज निघतं.

खाऊ नये, शेतात टाकू नये

रताळ्याच्या कुळातली म्हणून या वेलीचं काहीही तोंडात घालू नये. काळादाणा हा जालीम रेचक आहे. जुन्या वैद्यकात तो वापरला जातो, पण शोधून आणि मापून. घरच्या वेलीच्या बिया पोट साफ व्हावं म्हणून घेणं म्हणजे हगवण ओढवून घेणं. गरोदर बाईने तर मुळीच घेऊ नयेत. ट्रायकलर जातीच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात, उलट्या आणि भ्रम होऊ शकतो. पाकिटातल्या बियांना अनेकदा बुरशीनाशक चोपडलेलं असतं, ते वेगळंच. लहान मूल घरात असेल तर वाळलेली बोंडं हाताशी लटकत ठेवू नयेत. बी खाल्लंच, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दुसरी काळजी गावाकडची. दिवाळीत किंवा लग्नसराईत सुरतहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे जाताना लोक पिशवीतून रोपं आणि बिया नेतात. अंगणातल्या डब्यात लावायला हरकत नाही. पण बांधावर किंवा विहिरीच्या कडेला टाकू नये. ही वेल स्वतःच्याच परागाने बी धरते आणि एकेका बोंडात सहापर्यंत बिया असतात. कापसाच्या झाडाला एकदा वळसे पडले की वेचणीला बाईचा हात आत जात नाही, आणि कवच टणक असल्याने बी पुढच्या वर्षीही मातीत टिकतं. बेशरम नाल्याकाठी कसा माजला, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

गॅलरीतही थोडी शिस्त लागते. रोज दुपारी सुकलेली फुलं खुडली तर वेल बियांत जोर न घालवता नवी कळी काढते. डिसेंबरात ज्या फुलांचा रंग आवडला त्यांच्या देठाला दोरा बांधून ठेवावा आणि तेवढीच बोंडं राखावीत. याच दिवसांत गारवा असल्याने फूल जास्त वेळ टिकतं, कधी दुपारपर्यंतही. बोंड महिनाभरात तपकिरी आणि कागदासारखं होतं. ते तडकायच्या आधी काढावं, बिया सावलीत आठवडाभर वाळवाव्यात आणि कागदाच्या पुडीत बांधून, रंग लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या डब्यात ठेवाव्यात. फेब्रुवारीत वेल पिवळी पडली की मुळापासून कापावी. दोऱ्यांसकट ती खाली ओढून काढताना उरलेली बोंडं आधी वेचून घ्यावीत, नाहीतर जूनमध्ये शेजाऱ्यांच्या सगळ्या कुंड्यांत आपट्याची पानं दिसायला लागतील.